बटणांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

पाळकसाहेब दुकानात आले तेव्हा मी एका झंपराची बाही तिसऱ्यांदा उसवत होते. नाताळ महिन्यावर आलेला. वर्षभर ज्यांना नव्या कपड्याची आठवण होत नाही, त्या सगळ्या बाया नोव्हेंबरात एकदम माझ्याकडे धावतात, आणि प्रत्येकीला उद्याच हवं असतं. त्यात पाळकसाहेब. ते दुकानाची पायरी चढले की मी मनातल्या मनात हिशोब करायला लागते. काही चुकलं का, कोणी काही सांगितलं का, मागच्या रविवारी मी कोणाला काही बोलले का? बोललेली असतेच. माझं तोंड गप्प बसत नाही, हे वाशिमजवळच्या मालेगावपासून किन्हीराजापर्यंत आमच्या सगळ्या ख्रिस्ती घरांना माहीत आहे.

ते स्टुलावर बसले आणि हातातली वही उगाच उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "बाई, एक काम आहे. नाही म्हणू नका."

काम असं होतं. आमच्यासारख्या लहान लहान मंडळ्यांचा, म्हणजे चर्चचा, कारभार पाहणारं एक वरचं ऑफिस आहे, तिथून पत्र आलं होतं. तुमच्या मंडळीतल्या तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींना विश्वासाबद्दल आणि न्यायाबद्दल काय वाटतं ते समजून घ्या, पंचांसोबत बसून त्यावर बोला आणि अहवाल पाठवा. पंच म्हणजे आमच्या मंडळीचे चार कारभारी, सगळे साठीच्या आसपासचे. पाळकसाहेबांनी आपल्या परीनं करून पाहिलं होतं. उपासनेनंतर पोरांना थांबवून विचारलं, "सांगा बाळांनो, न्याय म्हणजे काय?" पोरं आपापल्या चपला शोधायला लागली.

"माझ्याशी ती बोलत नाहीत," ते म्हणाले. ते नगरकडचे, बोलणं एकदम पुस्तकी. "तुमच्याशी बोलतात."

खरं होतं. ही सगळी पोरं रविवारच्या शाळेत माझ्याच हाताखालून गेलेली. कोणाचं नाक मी पुसलंय, कोणाला देवदूत करून पांढरी चादर मी गुंडाळलीय. आता ती मोठी झाली आणि उपासनेला आत बसेनाशी झाली. गेटाबाहेर मोटारसायकलींवर बसतात, मोबाईल पाहतात, शेवटचं गीत सुरू झालं की आत येऊन मागे उभी राहतात. घरी सांगायला, की गेलो होतो. पंच म्हणायचे, ही मोबाईलची करणी. मीही तेच म्हणायचे. तसं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही.

मी हो म्हटलं. पाळकांना नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, हे एक. आणि खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं, हे दुसरं. इतकी वर्षं मंडळीत झाडझूड, टेबलावरचं कापड आणि पोरांची नाटकं एवढंच माझ्या वाट्याला. पंचांच्या बैठकीत बसायला मला पहिल्यांदा कोणी बोलावत होतं. म्हटलं, चला बाप्पा, उशिरा का होईना आपली किंमत कळली.

रविवारी मी पोरांना गेटावरूनच उचललं. "चला आत. भाषण देत नाही. चिवडा आणला."

चिवड्यावर अकरा जणं आली. माझ्या मापाच्या वहीची पानं मी घरून एकसारखी कापून नेली होती, पेन्सिलीही सगळ्या एकाच रंगाच्या. कागदावरून किंवा रंगावरून कोणाची चिठ्ठी कोणती ते ओळखू येऊ नये, एवढी मी हुशार. बटणांचा पत्र्याचा डबा रिकामा करून मधोमध ठेवला.

"जे इचाराचं ते लिहा," मी म्हटलं. "देवाले इचारा, पाळकाले इचारा, पंचाईले इचारा. नाव टाकू नोका. म्या शपथ घेतली, कोणाची चिठ्ठी कोणती हे माह्या तोंडून निघनार नाई."

केनवडहून आईसोबत येणारा एक उंच पोरगा आहे, त्यानं विचारलं, "मावशी, सगळं वाचून दाखवसान पंचाईले?"

"सगळं."

"न गाळता?"

"एक जरी गाळली तं माह्या हातचा चिवडा खाऊ नोको कधी."

पोरं हसली. खिडकीजवळची एक चौदा वर्षांची पोरगी हसली नाही. कागद हातात घेऊन तिनं तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मग लिहायला लागली. माझ्या ते लक्षात आलं, पण मला वाटलं, कागद लहान झाला असेल तिला.

घरी येऊन चहा ठेवला आणि डबा उघडला. पंचांना माझ्या अक्षरात वाचून दाखवायचं म्हणून एका वहीत उतरवून घ्यायला बसले.

एकानं लिहिलं होतं, मंडळीच्या एकत्र प्रीतिभोजनाला भांडी पोरीच का घासतात, प्रभूनं तर स्वतः दुसऱ्यांचे पाय धुतले. मी हसले. दुसऱ्यानं लिहिलं होतं, पुढच्या ओळीतल्या खुर्च्यांवर उशा आहेत आणि मागे सतरंजी आहे, देवाला कोण कुठून दिसतं? तिसऱ्याचं होतं, आपण पावसासाठी प्रार्थना करतो आणि शेजारचे पूजा करतात, पडला तर तो कोणाचा धरायचा? एकानं लिहिलं होतं, मला न्यायाबद्दल काही माहीत नाही, मला पोलीस व्हायचं आहे. त्यावर मला चहाचा ठसका लागला.

मग एक अशी निघाली की माझा हात थांबला. "मी शाळेत सांगत नाही की आम्ही ख्रिस्ती आहोत. कोणी विचारलं तर दुसरंच सांगते. घरी आल्यावर प्रार्थना करते तेव्हा वाटतं देव म्हणेल, तू कोण, मी तुला ओळखत नाही. असं होतं का?" ही चिठ्ठी मी दोनदा उतरवली, पहिल्यांदा अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून.

अशा दहा झाल्या. अकरावी डब्याच्या तळाशी घडी घालून होती.

"ताईला मंडळीपुढे उभं केलं. त्याला का नाही केलं? आणि तिच्या हातातला कागद कोणी लिहून दिला होता?"

चिठ्ठी उलटली. मागे छापील रकाने होते: उंची, छाती, बाही, गळा. माझ्या मापाच्या वहीच्या प्रत्येक पानामागे ते असतातच. तेव्हा मला खिडकीजवळची पोरगी आठवली, कागद उलटा-सुलटा करणारी. तिला उत्तर माहीत होतं. उत्तर मीच तिच्या हातात दिलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची मोठी बहीण तेव्हा सतरा वर्षांची. आमच्या एका पंचांचं बियाण्याचं दुकान आहे, त्यांच्या मुलासोबत ती मोटारसायकलवर वाशिमला गेली. दोघांनी आईस्क्रीम खाल्लं आणि अंधार पडायच्या आत परत आली. एवढंच. आमच्याच मंडळीतल्या कोणीतरी त्यांना स्टँडजवळ पाहिलं, आणि ती दोघं पोचायच्या आधी फोन मालेगावला पोचला. मुलगा आठ दिवसांत शिकायला नागपूरला गेला. मुलगी इथंच राहिली.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. कोणामुळे मंडळीचं नाव खराब झालं असं पंचांना वाटलं, की त्या माणसानं भर उपासनेत पुढे यायचं, टेबलाच्या बाजूला उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर क्षमा मागायची. मग पाळक प्रार्थना करतात आणि पुढच्या प्रभुभोजनाला तो माणूस पुन्हा सगळ्यांसोबत भाकर घेतो. माझ्या लहानपणी दारू पिऊन धिंगाणा घालणारे पुरुषही असे उभे राहायचे. अलीकडे कोणी पुरुष उभा राहिल्याचं मला आठवत नाही.

पोरीची आई रडत माझ्याकडे आली. "तुमीच समजवा जी तिले. तुमचं आयकते ते."

मी तिला दुकानात बोलावलं. तिनं एकच विचारलं, "मावशी, म्या काय केलं ते सांगा. मंग मागतो माफी."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. "लय प्रश्न इचारू नोको," मी तिच्यावर डाफरले, आणि मापाच्या वहीचं एक पान फाडून चार ओळी लिहून दिल्या. माझ्या वागण्यामुळे मंडळीला लाज आली. मी चुकले. मला क्षमा करा. पुन्हा असं होणार नाही. चारच ओळी, लवकर आटपावं म्हणून. मी तिच्यावर उपकारच करत होते, असं मला वाटत होतं. मशीन बंद करून तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. माझी स्वतःची पांढरी ओढणी तिला दिली. "लोकायकडं पाहू नोको," मी तिला सांगितलं, "दाराच्या वर घड्याळ हाय, त्याच्याकडं पाह्य. दोन मिनिटाचं काम हाय, माय. वाचाचं अन् खाली बसाचं."

ते घड्याळ दाराच्या वर अशासाठी आहे, की उपदेश लांबला तर पाळकांना दिसावं. बाकी सगळ्यांची त्याच्याकडे पाठ असते.

तिनं वाचलं. आवाज कापला नाही. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि खाली बसायच्या ऐवजी सरळ दाराबाहेर गेली. त्यानंतर ती उपासनेला आली नाही. आता वाशिमला मामाकडे राहते आणि एका कापडाच्या दुकानात काम करते. माझी ओढणी तिच्या धाकट्या बहिणीनं आणून दिली होती, धुऊन, इस्त्री करून. तेव्हा ती बारा वर्षांची होती. मी म्हटलं होतं, इस्त्री कशाला केली गं, आणि ती ओढणी मशीनवर ठेवून निघून गेली होती.

अकरावी चिठ्ठी मी वहीत उतरवली नाही. स्वतःला सांगितलं, पोरीच्या भल्यासाठी. "ताई" लिहून ठेवलंय येडीनं, पंचांना कळायला कितीसा वेळ? तिच्या आईला बोलावतील, पोरीला बोलावतील. हे सगळं खरंच होतं. त्याच्या खाली दुसरं एक खरं होतं, ते मी कोणाला सांगितलं नाही. मला भीती माझी वाटत होती. त्या बियाण्याच्या दुकानवाल्या पंचांनीच माझ्या ऑपरेशनच्या वेळी मला स्वतःच्या गाडीत घालून वाशिमला नेलं होतं. माझ्या दुकानाची जागा त्यांच्याच शब्दावर मला मिळाली. आणि पंचांच्या बैठकीत मला पहिल्यांदा खुर्ची मिळणार होती.

बैठक गुरुवारी. मधले चार दिवस मी काय शिवलं ते मलाच माहीत नाही. एका बाईच्या झंपराला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. आमचे हे कमी बोलणारे, पण मंगळवारी त्यांनीही विचारलं, "तू कनिक मळून राह्यली का कोणाचा गळा दाबून राह्यली?" मी परात आपटली आणि म्हटलं, तुमी जेवा गुमान.

बुधवारी ती पोरगी आली. नाताळच्या ड्रेसचं माप द्यायला. तिच्या आईनं पाठवलं होतं, ती स्वतःहून आली नसती. मी टेप घेऊन तिच्या पाठीमागे उभी राहिले. खांदा घेतला, बाही घेतली. वहीत आकडे लिहिताना माझा हात त्या छापील रकान्यांवरून जात होता आणि ती ते पाहत होती.

"बैठक कवा हाय, मावशी?"

"उद्या."

"वाचसान?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, आणि त्या दिवशी मी गरजेपेक्षा जास्तच घेतल्या होत्या. मी मान हलवली. कशी हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

गुरुवारी दुपारी पाळकसाहेबांच्या घरी चार पंच, पाळकसाहेब आणि मी. एक पंच म्हणजे रिटायर झालेले गुरुजी, तेच मंडळीचे सेक्रेटरी. बियाण्याच्या दुकानवाले माझ्या समोरच बसले होते. त्यांनीच माझ्यासाठी पंखा माझ्याकडे वळवला. अकरावी चिठ्ठी माझ्या ब्लाउजमध्ये, बटव्यात. घरी ठेवायची हिंमत झाली नव्हती आणि फाडायचीही.

मी वाचायला लागले. भांड्यांच्या प्रश्नावर एक पंच म्हणाले, "पोरी नाई घासनार तं कोन घासनार?" आणि इकडे-तिकडे पाहिलं, कोणी उत्तर देईल म्हणून. मग ते आपल्या हातांकडे पाहायला लागले. उशांच्या प्रश्नावर गुरुजी जरा रागावले. उशा त्यांच्या मुलीनं दिलेल्या. पावसाच्या प्रश्नावर सगळे हसले आणि पाळकसाहेब म्हणाले, याचं उत्तर मला खरंच विचार करून द्यावं लागेल.

शाळेत धर्म लपवणाऱ्या पोरीची चिठ्ठी वाचली तेव्हा मात्र पाळकसाहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मीही नाही सांगायचो. आठवीपर्यंत. आमच्या वडिलांना अजून माहीत नाही." तिथं बसलेल्या चार म्हाताऱ्यांपैकी दोघांनी माना हलवल्या. मला वाटलं, अरे, हे होऊन राहिलंय. पोरांचं यांच्यापर्यंत पोचून राहिलंय. आणि त्याच क्षणी बटव्यातली चिठ्ठी टोचायला लागली.

दहावी वाचली आणि मी वही मिटली.

गुरुजींनी विचारलं, "पोट्टे तं अकरा होते नं? म्या मोजले होते बाहीर जाताना."

"एक कोरी निघाली," मी म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की मलाच नवल वाटलं.

"असं होते," बियाण्याच्या दुकानवाले म्हणाले. "एखाद्याले काई इचाराचंच नसते."

"मंग तसं लिहून टाका, साहेब," गुरुजी म्हणाले. "अहवाल बरोबर पाह्यजे." आणि ते शाळेत सांगत तसे सावकाश सांगायला लागले, "अकरापैकी एका मुलास, काहीही, विचारायचे नव्हते."

पाळकसाहेब लिहायला लागले. त्यांचं पेन कागदावर खरखरत होतं. मी त्या पेनाकडे पाहत होते. "अकरापैकी" लिहून झालं. "एका मुलास" लिहून झालं. दोन वर्षं ती पोरगी हा प्रश्न पोटात घेऊन गेटाबाहेर बसली, आणि आता ऑफिसात कागद जाणार होता की तिला काहीच विचारायचं नव्हतं. तोही माझ्याचमुळे. एका घरातल्या दोघींच्या तोंडी मी खोटं घालत होते.

"थांबा," मी म्हटलं. "कोरी नव्हती."

बटव्यातून चिठ्ठी काढली आणि वाचली. "ताईला" शब्दाच्या जागी मी "एका मुलीला" वाचलं, तेवढंच बदललं. तेवढ्यानं काय होणार? खोलीतल्या प्रत्येकाला ती मुलगी कोण ते माहीत होतं.

बियाण्याच्या दुकानवाल्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी हात पुढे केला. "चिठ्ठी इकडं द्या, बाई. कोणाचं अक्षर हाय ते पाहू द्या."

मी चिठ्ठीची घडी घातली, बटव्यात ठेवली आणि बटवा ब्लाउजमध्ये परत खोचला. "घ्या," म्हटलं, "कोणाले घ्याची असंल तं."

पाच पुरुष एकदम खिडकीबाहेर पाहायला लागले. दुसरा दिवस असता तर मी हसून हसून पडले असते.

"लिहिनारं लेकरू कोन ते सांगत नाई मी," मी म्हटलं. "शपथ घेतली हाय. पन कागद कोणी लिहून देल्ला त्याचं उत्तर देऊ शकतो. म्या देल्ला. माह्या दुकानात, माह्या अक्षरात. तिनं इचारलं होतं म्या काय केलं, अन् म्या तिले गप्प बसवलं. अन् दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमी द्या. पोरगा काहून नाई उभा राह्यला?"

बियाण्याच्या दुकानवाले म्हणाले, "पोराचं शिक्षण होतं."

"पोरीचंही होतं," पाळकसाहेब म्हणाले. हळू म्हणाले, स्वतःशीच म्हटल्यासारखं. "ती बारावीला होती. मला कोणी थांबवलं नव्हतं विचारायला. मी नवीन होतो, म्हणून गप्प बसलो."

बियाण्याच्या दुकानवाले उठले. दारात चपला घालताना त्यांना एक चप्पल सापडेना, तर गुरुजींनी उठून ती पायानं पुढे सरकवली. ते गेले. पाळकसाहेबांनी अहवालातलं ते अर्धं वाक्य खोडलं आणि विचारलं, "बाई, आता काय करायचं?"

मला काय माहीत. तोंडातून निघून गेलं, "रविवारी मी उभी राह्यतो."

शनिवारी दुकान बंद ठेवून मी वाशिमला गेले. बसमध्ये सगळा वेळ मनात एकच. पोरीला न विचारता तिचीच गोष्ट पुन्हा सगळ्यांसमोर मांडायची, तर मग मागच्या वेळेत आणि यावेळेत फरक काय? आणि विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर? खरं सांगते, अर्ध्या रस्त्यात माझ्या मनात आलं, नाही म्हणाली तर बरंच होईल.

ती कापडाच्या दुकानात ताग्यांच्या मागे उभी होती. बारीक झाली होती. मला पाहून तिनं "सलाम, मावशी" म्हटलं, आमच्यात कोणालाही म्हणतात तसं, आणि एका गिऱ्हाईकानं उलगडून टाकलेलं कापड घडी करायला लागली. मी तिथंच उभी राहून सगळं सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं, कोणाची ते नाही. तिला कळलंच असणार. तिच्या घड्या मात्र एकसारख्या पडत होत्या.

"मले काहून इचारून राह्यल्या?" ती म्हणाली. "तवा इचारलं होतं का?"

"नाई."

"मंग आता कायले?"

"तवा नाई इचारलं म्हनून," मी म्हटलं. मी पदरानं डोळे पुसले आणि मला माझाच राग आला, रडायची पाळी माझी नव्हती. "तू नाई म्हन, मी नाई उभी राह्यत. तू येशीन म्हनून नाई सांगून राह्यली."

तिनं घडी पूर्ण केली, तागा फळीवर ठेवला. दुसरं कापड ओढलं.

"मी येनार नाई," ती म्हणाली. "माह्यं नाव घेऊ नोका." मग माझ्याकडे न पाहता, "अन् कागद नेऊ नोका, मावशी. बिना कागदाचं बोला."

ती गिऱ्हाईकाकडे वळली. मी परतीची बस धरली.

रविवारी मी तीच पांढरी ओढणी घेतली होती. मुद्दाम घेतली, असं नाही. हाताला तीच लागली. दुसरं गीत संपलं आणि पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. माझ्या जागेपासून टेबलापर्यंत दहा पावलं असतील, रोज झाडताना मी ती हजारदा चालले आहे, पण त्या दिवशी सतरंजीत पाय अडकला. टेबलाच्या बाजूला जाऊन वळले, आणि सगळे चेहरे एकदम समोर आले. एवढे चेहरे असतात हे मला माहीत नव्हतं. मी कायम मागून पाठी पाहिलेल्या. पुढच्या ओळीत एक उशीवाली खुर्ची रिकामी होती. माझे हे शेवटच्या रांगेत, मान खाली घालून. गेटावरची पोरं दारापर्यंत आली होती, आत नाही, बाहेर नाही. चौदा वर्षांची ती खिडकीजवळ बसली होती आणि तिनं मान खाली घातली नव्हती.

हातात कागद नव्हता. हात कुठं ठेवायचे तेच कळेना, तर मी ओढणीचं टोक धरलं.

"दोन वर्साआधी या जागेवर एका पोरीनं कागद वाचला," मी म्हटलं. "तो म्या लिहिला होता. त्यातलं एकही अक्षर तिचं नव्हतं. तिची चूक नव्हती. तिले इचाराचं होतं, अन् म्या तिले इचारू देल्लं नाई. चूक माही हाय. मले क्षमा करा."

एवढंच सुचलं. त्याच्या पुढे डोकं रिकामं झालं. पाळकसाहेब मी आणखी काही बोलेन म्हणून थांबले होते, आणि बाकी सगळे ते प्रार्थना करतील म्हणून. एखादं लेकरू तरी रडावं असं मला झालं. खाली बसावं का, तेही कळेना. मी लोकांकडे पाहणं सोडलं आणि वर पाहिलं, दाराच्या वरच्या घड्याळाकडे.

अजून दोन मिनिटं झाली नव्हती.